मेसमागचा ड्रम

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो. तेव्हा सुट्टी असली, तर आपल्या वसतिगृहांत तो जुलैत साजरा होतो. एक रोप लावले जाते, पाहुण्यांना प्लास्टिकच्या वेष्टनातला पुष्पगुच्छ दिला जातो, मुले हात पुढे करून शपथ घेतात आणि जिन्यात ‘पाणी वाचवा’ अशी पाटी लागते. बरेचदा त्याच जिन्याखालचा नळ गळत असतो आणि गच्चीवरच्या टाकीतून पाणी भिंतीवरून ओघळत असते. मुलांना हे दिसते. ती काही बोलत नाहीत, पण पर्यावरण हा भाषणाचा विषय आहे, जगण्याचा नाही, एवढे ती त्या दिवशी शिकतात.

वसतिगृहाची तपासणी करायची झाली तर मी कार्यालयातल्या नोंदवह्यांपासून सुरुवात करणार नाही. आधी मेसच्या मागे जाईन. तिथे निळा ड्रम असतो, खरकट्याचा. रुग्णाची जीभ आणि डोळ्यांची खालची पापणी पाहून जेवढे कळते, तेवढे या ड्रमात डोकावून वसतिगृहाबद्दल कळते. कडा कच्च्या राहिलेल्या पोळ्या, पाण्यात तरंगणारी मटकी, गोळा झालेला भात, न खाल्लेली पालेभाजी. रात्रीच्या ड्रमात पोळ्या जास्त दिसल्या तर त्या दुपारी लाटलेल्या असण्याची शक्यता मोठी. सोमवारी भात जास्त दिसला तर रविवारी गावी गेलेल्या मुलांची संख्या कोणी विचारली नव्हती, असे समजावे.

यावर नेहमीचे निदान असे : ‘हल्लीच्या मुलांना अन्नाची किंमत नाही.’ मला ते पटत नाही. घरी पाच जणांत दोन भाकरी वाटून खाल्लेली मुलेही मेसमध्ये ताट अर्धे टाकतात. असे का, हे त्यांनाच विचारले तर कारणे साधी निघतात. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला गेले तर भाजी संपलेली असते, म्हणून पहिल्यांदाच दुप्पट घ्यायची. वाढपी एकाच मापाच्या पळीने सगळ्यांना वाढतो, सहा फुटी खेळाडूला आणि चाळीस किलोच्या मुलीलाही. तास संपवून पोचेपर्यंत जेवण गार झालेले असते. यात माज कुठे आहे? अन्न टाकणे हे इथे लक्षण आहे, आणि लक्षणाला रागावून रोग बरा होत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, मेसमध्ये ३०० मुले जेवतात आणि प्रत्येक जण एका वेळी ५० ग्रॅम टाकतो. म्हणजे अर्धी पोळी आणि दोन चमचे भाजी, कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही एवढे. दोन वेळचे मिळून दिवसाला ३० किलो. वर्षात ३०० दिवस मेस चालली तर ९,००० किलो, नऊ टन. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाच्या १९ टक्के एवढे ते होते आणि त्यात खानावळी, हॉटेले, कॅन्टीन यांचा वाटा २८ टक्के. आपले नऊ टन यातच आले. ते पालिकेच्या कचराभूमीवर इतर कचऱ्याखाली दबून हवेविना कुजले की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो.

डॉक्टर म्हणून मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. मुलींच्या वसतिगृहातून बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात : चक्कर येते, जिना चढला की धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आम्ही लोहाच्या गोळ्या लिहून देतो. आणि तिच्या वाट्याची मटकीची उसळ, चवळीची भाजी, सोबतची लिंबाची फोड त्या निळ्या ड्रमात गेलेली असते. रात्री अकराला भूक लागते तेव्हा मेस बंद, मग मोबाइलवरून नूडल्स मागवायचे. पातळ प्लास्टिकचा डबा, त्याभोवती पिशवी, आत सॉसच्या चार पुड्या आणि एक चमचा. रक्तक्षय आणि कचरा एकाच दाराने आत येतात ते असे. रात्री दहा ते बारा साधे पोहे, उकडलेली अंडी, उसळ-पाव मिळेल अशी खिडकी मेसमध्ये उघडली, तर दोन्ही कमी होतील. त्यासाठी प्लास्टिकविरोधी घोषवाक्य स्पर्धा घ्यायला नको.

मुलांना कळकळीने सांगितले की ती बदलतात, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पुरावा थोडा वेगळे सांगतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ओबर्लिन नावाचे महाविद्यालय आहे. तिथे २००५ मध्ये वसतिगृहांत वीज वाचवण्याची दोन आठवड्यांची स्पर्धा झाली. दोन वसतिगृहांत वीज किती जाते आहे ते त्याच क्षणी पडद्यावर दिसत होते. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा मीटरचा आकडा कळवला जात होता. सरासरी वीजवापर ३२ टक्क्यांनी घटला, आणि जिथे आकडा सतत डोळ्यांसमोर होता तिथे ५५ टक्क्यांनी. मुले तीच, परीक्षा त्याच. फरक पडला तो आपण किती वापरतो हे दिसल्यामुळे आणि शेजारच्या इमारतीचा आकडाही दिसत असल्यामुळे. मधुमेहाच्या रुग्णाला ‘गोड कमी खा’ असे वर्षभर सांगून जे होत नाही, ते त्याच्या हातात ग्लुकोमीटर दिल्यावर कित्येकदा आठवड्यात होते. त्यातलाच हा प्रकार. त्याच स्पर्धेत पाण्याचा वापर मात्र जेमतेम तीन टक्क्यांनी घटला होता, हेही सांगायला हवे. एकच गोळी सगळ्या रोगांवर चालत नाही.

मेसला ग्लुकोमीटर लावणे फार स्वस्त आहे. एक वजनकाटा आणि एक फळा. रोज रात्री ड्रमाचे वजन करायचे, त्याला जेवलेल्या मुलांच्या संख्येने भागायचे आणि ‘आज माणशी ६२ ग्रॅम’ असे खडूने लिहायचे. खाली, काय सर्वांत जास्त टाकले गेले तेही : ‘दुधी’. म्हणजे आकडा मुलांनाही बोलेल आणि स्वयंपाक्यालाही. हा दुसरा भाग गाळला तर फळा म्हणजे मुलांना झोडपायची नवी काठी होईल. अर्ध्या वाढपाची पळी ठेवायची, आणि ‘पुन्हा मागितले तर नक्की मिळेल’ हा शब्द पाळायचा. उरलेल्या ओल्या कचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला ‘निसर्गऋण’ हा बायोगॅसचा प्रकल्प आहे, साधे कंपोस्टचे खड्डेही आहेत. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या वसतिगृहांना मोठे कचरा उत्पादक ठरवले आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले. पण पन्नास लाखांचा प्रकल्प बसवून त्यात चांगले अन्न ओतत राहणे हे मला जखम उघडी ठेवून रक्त चढवण्यासारखे वाटते. आधी ड्रम हलका करा.

आता पाणी. इथे माझा सूर थोडा चढेल, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे.

‘दात घासताना नळ बंद ठेवा’ ही सूचना चांगलीच आहे. गळक्या नळाचा हिशेब आमच्या वॉर्डातली कोणतीही परिचारिका करून देईल. सलाइनच्या साध्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलिलीटर होतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास. असे दहा नळ असले तर रोज ४३ लिटर. वाईटच. पण गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बिघडलेला आहे आणि मिनिटाला एक बादली या वेगाने ती तासभर वाहते आहे, असे धरा. साठ बादल्या गेल्या, हजार लिटरच्या घरात. अपघात विभागात ज्याचे रक्त सर्वांत वेगाने वाहते त्याच्याकडे आम्ही आधी धावतो. वसतिगृहात मात्र खरचटलेल्या माणसाला पट्टी बांधायचा उपदेश चालतो आणि धमनी वाहत राहते. बॉलकॉक बदलणे विद्यार्थ्याच्या हातात नाही. शासकीय वसतिगृहात ते पुष्कळदा वसतिगृहप्रमुखाच्याही हातात नसते. अर्ज बांधकाम विभागाकडे जातो आणि तिथे आपल्या पाळीची वाट पाहतो.

मग होते असे, की टाकी वाहून गेल्यावर संध्याकाळी नळाला पाणी नसते. उद्या येईल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक खोलीत बादल्या, टब, कापलेले कॅन भरून ठेवले जातात. हे साठवलेले स्वच्छ पाणी म्हणजे एडिस इजिप्ती डासाचे प्रसूतिगृह. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवते. ती कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी चढले की उबतात. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास आठवडा-दहा दिवसांत होतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असे आरोग्य कर्मचारी सांगतात त्यामागे हाच हिशेब आहे. बादली नुसती उपडी करून भागत नाही, आतून घासावी लागते. हा डास दिवसा चावतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणारे निवासी डॉक्टर, परीक्षेच्या सुट्टीत दुपारी लवंडलेली मुले, ही त्याची सोयीची गिऱ्हाइके.

दर पावसाळ्यात आमच्या वॉर्डात डेंग्यूचे जे तरुण रुग्ण येतात, त्यांत एकाच वसतिगृहातली, कधी तर एकाच मजल्यावरची दोन-तीन मुले असतात. सोबत आलेले मित्र पपईच्या पानांचा रस आणि प्लेटलेटचा आकडा यांवरच बोलत असतात. त्यांना मी सांगतो की ताप उतरला म्हणजे सुटलो, असे समजू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरताना, पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे यांपैकी काही दिसले तर तासही न दवडता रुग्णालय गाठा. तापाला पॅरासिटामॉलच घ्या. आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन घेऊ नका. आणि मग विचारतो, खोलीत बादल्या किती आहेत? पाणी वाचवणे आणि डेंग्यू टाळणे हे दोन वेगळे कार्यक्रम नाहीत, हे या एका प्रश्नाच्या उत्तरात दिसते. नळाला रोज ठरलेल्या वेळी पाणी येईल याची खात्री दिली की साठवण आपोआप घटते. ती खात्री न देता ‘साठवू नका’ म्हणणे याला मी उपदेश म्हणत नाही, क्रूरपणा म्हणतो.

पिण्याच्या पाण्याची कथा अशीच. कूलरची तोटी शेवाळलेली असते, टाकी कधी धुतली ते कोणालाच माहीत नसते, म्हणून ज्यांना परवडते ती मुले बाटल्या विकत घेतात, मजल्यावर वर्गणी काढून जार मागवतात. ज्यांना परवडत नाही ती तेच पाणी पितात, आणि कावीळ-टायफॉइड घेऊन येतात तीही बहुतेक तीच. इथे प्लास्टिकमुक्तीची शपथ निरुपयोगी आहे. टाकी धुतल्याची तारीख टाकीवर रंगवा. रोज सकाळी ओटी टेस्ट करा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षकही ती करतो. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले असले पाहिजे, एवढेच पाहायचे असते. विज्ञान शाखेच्या मुलांना ही जबाबदारी दिली तर ती आनंदाने घेतील, आणि आकडा कूलरवर लिहिलेला दिसला की बाटल्या कमी होतील. पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओ यंत्राची गरजही नसते. ते यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना पुष्कळदा दोन-तीन लिटर गटारात सोडते.

विजेबद्दल थोडक्यात. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. २०० खोल्यांत रोज १५ तास पंखा चालला तर दिवसाला १३५ युनिटचा फरक पडतो. त्यासाठी मुलांनी उकाड्यात पंखा बंद ठेवायची गरज नाही, आणि तसे सांगूही नये. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला की खोल्या दोन-चार अंशांनी निवतात. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये अशा थंड छतांचे धोरणच केले. आणि गच्चीवर वर्षानुवर्षे बंद पडलेले सौर बंब दुरुस्त करा. ते बंद आहेत म्हणून खोल्याखोल्यांत दीड हजार वॅटचे रॉड बादलीत लटकतात आणि दर हिवाळ्यात कोणाला तरी झटका बसतो.

मुलींच्या वसतिगृहातल्या सॅनिटरी पॅडच्या कचऱ्याबद्दल वृत्तपत्रांत लिहायला लोक अजून बिचकतात. न्हाणीघरातले तुंबलेले पाइप मात्र बिचकत नाहीत. झाकणाची बादली नाही, कागद नाही, सफाई कामगाराला हातमोजे नाहीत, आणि कोपऱ्यात भेट म्हणून मिळालेले जाळण्याचे छोटे यंत्र. प्लास्टिकचा थर असलेले पॅड कमी तापमानाला जाळले की डायऑक्सिनसारखे विषारी वायू निर्माण होऊ शकतात, आणि ते यंत्र बहुधा मुलींच्या खिडक्यांजवळच असते. मासिक पाळीच्या कपाविषयी ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा आढावा आला. त्यांत सुमारे ३,३०० स्त्रिया व मुलींचा समावेश होता. गळतीच्या बाबतीत कप पॅडइतकाच किंवा अधिक चांगला ठरला आणि सरावानंतर सुमारे ७० टक्के जणींनी तो पुढेही वापरायची इच्छा दाखवली. योग्य वापर केला तर एक कप कित्येक वर्षे टिकतो. पण तो उकळायला जागा आणि धुवायला भरवशाचे पाणी लागते. जिथे सकाळी आठनंतर नळ कोरडे पडतात तिथे कप वाटून फोटो काढणे याला अर्थ नाही. शिवाय शरीराच्या बाबतीत निवड जिची तिने करायची. पर्यावरणाच्या नावाने कोणत्याही मुलीला लाजवू नये. पॅड वापरणारीला तर मुळीच नाही.

एक कचरा कोणाच्याच यादीत नसतो : खोल्यांतली औषधे. सर्दीसाठी मित्राकडून घेतलेल्या अॅझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या, उरलेली एक खणात, मुदत संपली की शौचालयात. विषाणूच्या सर्दीवर ती कामाची नव्हतीच. गटारात गेलेले प्रतिजैविक तिथल्या जिवाणूंना प्रतिकार शिकवायला हातभार लावते, आणि असे शिकलेले जिवाणू आमच्या अतिदक्षता विभागात भेटतात. मुदतबाह्य औषधे २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. प्रत्येक वसतिगृहात त्यांच्यासाठी एक कुलूपबंद पेटी हवी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांतही ती सहसा दिसत नाही, याचे मला नवल वाटते.

या सगळ्यावर एक आक्षेप मी ऐकला आहे : मुले शिकायला येतात, त्यांच्यामागे हे लचांड कशाला? आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. नीट, एमपीएससी, सत्र परीक्षा यांच्या चरकात मुले आधीच पिळली जात आहेत. पण वसतिगृह ही नुसती झोपायची जागा असते, ही कल्पना आपल्याकडे नवी आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग सुरू केले आणि पुढे अनेक समाजांच्या बोर्डिंगांना बळ दिले. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. ती मुले स्वयंपाक करत, कष्टाची कामे करत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ आजही आपल्या विद्यापीठांत चालते. त्या योजनेतल्या मुलांना फायली इकडून तिकडे न्यायला लावण्याऐवजी मीटरचे आकडे नोंदवणे, ओटी टेस्ट, कंपोस्ट, डासअळ्यांची पाहणी ही कामे मोबदला देऊन द्या. म्हणजे जबाबदारी शपथेवर राहणार नाही, पगारावर राहील.

आणखी एक बाब, जी बैठकांत टाळली जाते. बचतीचा पैसा जातो कुठे? विजेचे बिल कमी आले तर तो लाभ विद्यापीठाच्या खात्यात. अन्न कमी वाया गेले तर मेसच्या ठेकेदाराच्या खिशात. मुलांनी मग का झटावे? वाचलेल्या रकमेतला ठरलेला हिस्सा त्याच वसतिगृहाच्या विद्यार्थी समितीला मिळेल, असा एका पानाचा ठराव व्यवस्थापन परिषद करू शकते. त्यातून महिन्यातून चार दिवस जास्तीची अंडी आणि फळे आली, तर फळ्यावरचा आकडा कसा खाली येतो ते पाहण्यासारखे असेल.

पंतप्रधानांनी २० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘मिशन लाइफ’ सुरू केले, त्याचा भर व्यक्तीच्या सवयींवर आहे. तो भर मला अपुरा वाटतो. सवय लागायला आधी तशी सोय लागते, आणि वसतिगृहात सोयीची चावी कोणाच्या हातात आहे हे सर्वांना ठाऊक आहे. येत्या प्रवेशांच्या वेळी मुलाला किंवा मुलीला सोडायला जाल, तेव्हा खोलीतली कॉट आणि कपाट पाहून झाल्यावर दोन गोष्टी जरूर विचारा. टाकी शेवटची कधी धुतली? आणि मेसच्या मागचा ड्रम संध्याकाळी कितपत भरतो? उत्तर देताना समोरचा माणूस वहीत पाहतो, की आकाशाकडे, याकडेही लक्ष ठेवा.